तुटक रानातील पाखरे

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील रान आज सलग राहिलेले नाही. कोठे कोळशासाठी तोड झाली, कोठे काजू व रबराची लागवड आली. मागे उरले ते रानाचे लहानलहान तुकडे आणि गावोगावच्या देवराया.

अशा तुकड्यात पाखरे दिसत नाहीत असे नाही. बुलबुल, साळुंकी, कावळा यांना मोकळी जागा मानवते; त्यांची संख्या वाढतेही. परंतु दाट सावली व जुनी झाडे ज्यांना लागतात, ते पक्षी एकेक करून नाहीसे होतात. म्हणून पाखरे किती यापेक्षा ती कोणकोणती, हे पाहणे महत्त्वाचे.

गेल्या चैत्रात रत्नागिरी जिल्ह्यातील एका गावी काजूची बाग पाहण्यास गेलो होतो. बांधावर एक जुना बेहडा होता. बागाईतदार म्हणाले, "साहेब, झाड आतून पोकळ आहे. सावली तेवढी काजूवर पडते. उद्या तोडतो." मी वर पाहिले. ढोलीचे तोंड लिंपलेले होते. मध्ये केवळ एक फट. थोड्या वेळाने धनेशाचा नर आला आणि त्याने फटीतून उंबराची फळे आत दिली.

धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेऊन अंडी उबविते. मोठ्या धनेशाच्या मादीचे असे ३ ते ४ महिने जातात. या काळात झाड पडले तर अवघे कुटुंब जाते. शिवाय ढोली नव्या झाडाला पडत नाही. तिला अनेक वर्षे लागतात.

हा पक्षी रानफळे खाऊन त्यांच्या बिया दूरवर टाकतो. एका तुकड्यातील झाड दुसऱ्या तुकड्यात रुजते ते अशा पाखरांमुळे. आपला राज्यपक्षी हरियालही मुख्यतः वड, पिंपळ, उंबर यांच्या फळांवर जगतो.

बागाईतदारांनी तोड थांबविली. पावसाळ्यानंतर काजूवर येणाऱ्या फांद्याच तेवढ्या छाटावयाचे ठरले.

शेतकरी बंधूंनी व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एवढे अवश्य करावे :

१. पोकळ झाड निरुपयोगी समजू नये. तोडण्यापूर्वी ढोली पाहावी.

२. बांधावरील वड, उंबर, पायर राखावेत.

३. देवराईच्या कडेचा पालापाचोळा जाळू नये. आग आत शिरते.

४. दोन रानांमधील मोकळ्या बांधावर स्थानिक फळझाडे लावावीत.

रान तुटले तरी पाखरांची वाट तुटू नये, हे आपल्या हाती आहे.