कौसल्येचं व्रत आणि पॅनेलचा पराभव

मायबापहो, ग्रामपंचायतीचा निकाल लागला की गावात दोन प्रकारची घरं होतात. एकाच्या अंगणात गुलाल, दुसऱ्याचं दार दिवे लागायच्या आत बंद. गुलालवाल्यांना आज कीर्तनकाराची गरज नाही, त्यांच्याकडे डीजे आहे. मला बोलायचंय ते बंद दारामागच्या आईबापांशी. त्यातही ज्यांच्या गळ्यात माळ आहे, घरात एकादशी आहे, त्यांच्याशी.

कारण तुम्ही निवडणुकीत देवाला मध्ये घेतलेलं असतं. अर्ज भरायच्या दिवशी नारळ फोडला. चिन्ह मिळालं, तो कागद देव्हाऱ्यापुढे ठेवला. पोराला जवळ घेऊन सांगितलं, ‘बाळा, हात जोड, आपलं पॅनेल येऊ दे म्हण.’ लेकराने मनापासून म्हटलं. आणि मतमोजणीहून फोन आला, सीट गेली. आता ते लेकरू विचारतं, ‘आई, देवाने आपलं ऐकलं नाही का? देव त्यांच्या पार्टीत आहे का?’

हसू नका. सत्ता गेली ती पाच वर्षांसाठी. या प्रश्नाचं उत्तर चुकलं, तर ते पोराला जन्मभर पुरतं. बाप रागात म्हणतो, ‘देवबिव काही नसतं, पैसा जिंकला.’ आजी म्हणते, ‘देव बघून घेईल त्यांच्याकडे.’ मला विचाराल तर आजीचं उत्तर जास्त वाईट. बापाच्या उत्तराने पोराचा देव जातो. आजीच्या उत्तराने देव राहतो, पण भाडोत्री गुंड होऊन राहतो.

मग सांगायचं काय? वाल्मीकींच्या अयोध्याकांडातली कौसल्या बघा. रामाचा अभिषेक ठरलेला, नगर सजलेलं. ही माउली रात्रभर नेमात होती. सकाळी रेशमी वस्त्र नेसून विष्णूची पूजा आणि अग्नीत आहुती चाललेली, सगळं मुलाच्या भल्यासाठी. तेवढ्यात राम आत येतो आणि सांगतो, राज्य भरताला, मला चौदा वर्षं वन. आई कोसळली. सावध झाली तेव्हा काय बोलली? माझी व्रतं, माझी दानं, माझे नेम, सगळं फुकट गेलं. बघा हं, रामाची आई हे म्हणते, आणि वाल्मीकी ते झाकत नाहीत. म्हणून देव्हाऱ्यासमोर रडू आलं तर रडा. पोराला सांगा, ‘मला वाईट वाटलंय.’ त्याने श्रद्धा कमी होत नाही.

लक्ष्मण तर बळाने राज्य घ्यायलाच निघाला होता. रामाने त्याला आवरलं.

पण पुढे बघा. तीच कौसल्या उठते, आचमन करते आणि रामासाठी स्वस्त्ययन मांडते. देवांना, नद्यांना, डोंगरांना, ऋतूंना विनवते की माझ्या मुलाला सांभाळा. रक्षणाची औषधी त्याला बांधते. देव तेच, हात तेच; मागणं बदललं. आता आधी मागणं रक्षणाचं. मुलगा ज्या धर्मापायी निघालाय, त्या धर्माने त्याला राखावं.

पोराला हेच सांगायचं. बाळा, मत माणसं देतात. बटण माणसं दाबतात. त्यांना आपण पटलो नाही, किंवा समोरचे जास्त पटले. देवाकडे बटणाचं मागणं आपण न्यायलाच नको होतं. आज हात जोडू आणि म्हणू, हरलो तरी आमची जीभ बिघडू देऊ नकोस.

कुणी म्हणेल, महाराज, खरंच पैसे वाटले असतील तर? तर पुरावा घ्या आणि निकालापासून 15 दिवसांच्या आत दिवाणी न्यायालयात जा, कायद्याने ती वाट ठेवली आहे. धर्म म्हणजे गप्प बसणं नव्हे. आणि पुरावा नसेल, तर निदान पोरासमोर आरोप करू नका. 15 ऑगस्टला, 2 ऑक्टोबरला ग्रामसभा असते. तिथे हरलेल्यालाही तोंड आहे. पोराला सोबत न्या. पाण्याचा प्रश्न उभं राहून, नीट शब्दांत विचारा. ते ऐकू दे त्याला.

आता भरताचं. तो आजोळाहून आला, तेव्हा कौसल्याही त्याला लागेल असं बोलली. माणूसच ती. पण त्याने शपथा घेतल्या, त्याचं मन कळलं, तेव्हा तिने त्याला मांडीवर घेतलं आणि दोघं रडली. भरताने राज्य मागितलं नव्हतं. जिंकलेल्या घरातल्या पोराने तरी कुठे अर्ज भरला होता? तुमचं पोर आणि ते शाळेत एकाच बाकावर बसतात. आणि आपण घरी सांगतो, ‘त्यांच्यात खेळायला जायचं नाही.’ बोटावरची शाई काही आठवड्यांत जाते हो! एका गावात दोन मंडप, दोन सप्ताह, एकाच रात्री दोन विणे, हे आम्ही कीर्तनकार पाहतो. पाकीट दोन्हीकडून मिळतं, पण आवाज लागत नाही.

आता आरती होईल, मग पंगत बसेल. नवे सरपंच तिकडे खांबापाशी बसलेत, त्यांचा मुलगाही आलाय. आपल्या पोराला त्याच्या शेजारी बसवा, आणि वाढपी कमी आहेत, तेव्हा भाताचं घमेलं तुम्ही घ्या.