सावलीची काठी आणि गुरुजनांचा पार

भोपाळच्या महाराणा प्रताप नगरात सायंकाळी पाचनंतर पाऊल ठेवावे, तर सारे शहरच शाळेला निघाले आहे की काय असा भास होतो. झोन एक काय आणि झोन दोन काय, इमारतींवर शिकवणीवर्गांच्या पाट्या एकीवर एक चढलेल्या, आणि जिन्यांवर पाठपिशव्या घेतलेल्या मुलांची ये-जा अखंड चाललेली. जवळच्याच बोर्ड ऑफिस चौकात माध्यमिक शिक्षा मंडळाची इमारत उभी आहे. शिकवणे हा या भागातील एक मोठा व्यवसायच आहे, असे म्हटले तरी चालेल.

आणि तरीही शिकवणारा माणूस किती एकटा असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. वर्गाचे दार लागले की आत तो आणि मुले. वकिलाला बाररूममध्ये दुसरा वकील भेटतो, डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतो आणि त्यात कोणास कमीपणा वाटत नाही. शिक्षकाने मात्र ‘मला हे नीट समजले नाही’ असे म्हटले, की भोवतालच्या भुवया वर जातात.

याच नगरात राहणाऱ्या, आमच्या परिचयाच्या एका मराठी शिक्षिकेची हकिगत येथे सांगण्यासारखी आहे. बाई एका हिंदी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवितात. एप्रिलच्या मध्यास त्यांनी मुलांना मैदानात नेले, १ मीटर उंचीची काठी रोवली आणि भर बाराला तिची सावली मोजायला लावली. बाराची सावली सर्वांत आखूड, असे त्यांनी आधी सांगून ठेवले होते. परंतु एक मुलगा मोजतच राहिला. बारा वाजून वीस मिनिटांनी सावली आणखी दीड सेंटिमीटरने आखूड झालेली. त्याने निरागसपणे विचारले, “मॅडम, किताब गलत है क्या?”

बाईंजवळ उत्तर नव्हते. शिक्षक-खोलीत विचारावे, तर ‘इतकेही ठाऊक नाही?’ हा प्रश्न अंगावर येण्याची धास्ती. त्या रात्री त्यांनी भीतभीत तो प्रश्न आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवरील विज्ञानशिक्षकांच्या एका समूहात टाकला. हिंदी आणि मराठी बोलणारे, परस्परांस बहुतांशी कधी न भेटलेले असे ते शिक्षक. तासाभरात उत्तर आले. घड्याळ साऱ्या भारताचे एक आहे; ते साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावर बेतलेले. भोपाळ त्याच्या सुमारे पाच अंश पश्चिमेस. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात, म्हणून येथील खरी मध्यान्ह त्या दिवसांत बाराला नसून सुमारे बारा वाजून वीस मिनिटांनी होते. पुस्तक चुकले नव्हते आणि मुलगाही चुकला नव्हता.

एका निवृत्त गुरुजींनी आणखी एक युक्ती सांगितली. मध्यान्हीच्या आसपास सावली इतकी हळू बदलते की तो क्षण डोळ्यांनी पकडता येत नाही. म्हणून काठीभोवती वर्तुळ काढावे, सावलीचे टोक सकाळी व दुपारी त्या वर्तुळाला ज्या दोन वेळी टेकेल त्या टिपाव्यात, आणि त्यांच्या बरोबर मधली वेळ काढावी. दुसऱ्या दिवशी नागपूर आणि रत्नागिरी येथील दोन शिक्षकांनीही आपापल्या अंगणात काठ्या रोवल्या. नागपूरची मध्यान्ह निघाली बारा-चौदाच्या सुमारास, रत्नागिरीची बारा-सदतीसच्या. तीन गावच्या तीन सावल्या एका फळ्यावर आल्या आणि रेखावृत्ताचा जो धडा एरवी पाठ करून विसरला जातो, तो मुलांना प्रत्यक्ष दिसला. एका शाळेच्या मैदानावर हा धडा कधीही झाला नसता.

ही सोय नवी असली तरी तिच्यामागची गरज जुनी आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापिला. त्या परिवाराची ‘शिक्षणपत्रिका’ विखुरलेल्या शिक्षकांना एकमेकांचे अनुभव पोचवीत असे. आपल्या मध्य प्रदेशात तर याचे फार मोठे उदाहरण घडले. १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) जिल्ह्यातील १६ शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकविण्याचा कार्यक्रम आरंभिला. पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने तो चालविला. त्याचा कणा होता शिक्षकांच्या मासिक बैठका. गावोगावचे मास्तर एकत्र येत, फसलेले प्रयोग सांगत, एकमेकांस दुरुस्त करीत. मुले ‘सवालीराम’ या कल्पित व्यक्तीस पत्रे लिहीत आणि त्यांना उत्तरे जात. २००२ मध्ये शासनाने हा कार्यक्रम बंद केला, तेव्हा तो हजाराच्या आसपास शाळांत पोचला होता. परंतु बैठकांतून जुळलेली माणसे आदेशाने तुटत नाहीत. एकलव्यच्या ‘शैक्षणिक संदर्भ’ या हिंदी नियतकालिकाची प्रेरणा पुढे पुण्यास पोचली आणि त्याच नावाचे मराठी द्वैमासिक तेथून निघू लागले. भोपाळ आणि पुणे यांच्यातील हा धागा आम्हां बृहन्महाराष्ट्रीयांस विशेष जिव्हाळ्याचा वाटावा.

महाराष्ट्रात गेल्या दशकात हेच काम भ्रमणध्वनीवरून होऊ लागले. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षक भाऊसाहेब चासकर आणि त्यांचे सहकारी यांनी ‘अ‍ॅक्टिव्ह टीचर्स’च्या रूपाने जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना समाजमाध्यमांवर एकत्र आणले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर संकेतचिन्हे आणली आणि आपल्या मुलांची परदेशांतील वर्गांशी गाठ घालून दिली. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा दहा लक्ष डॉलरांपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांत वाटून दिली. व्यवसायबंधुत्वाचा याहून स्पष्ट उच्चार तो कोणता?

त्याच २०२० साली टाळेबंदीत मध्य प्रदेश शासनाने ‘डिजीलेप’ या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठ धाडण्यास प्रारंभ केला, आणि ‘दीक्षा’ या मंचावर शिक्षकांचे प्रशिक्षणही सुरू झाले. अडचणीच्या काळात त्याचा उपयोग झाला, यात शंका नाही. तथापि वरून खाली येणारा पाठ आणि शेजारून येणारे उत्तर यांत भेद आहे. ज्या समूहात केवळ परिपत्रके येतात आणि ‘जी सर’ एवढेच उत्तर जाते, ती सूचनाफलकाची दुसरी प्रत होय. अधिकारी वाचत असताना आपले अज्ञान कोण कबूल करील? प्रश्न विचारण्याचे धैर्य समान पातळीवरच येते.

या पारावर केरकचराही पुष्कळ साचतो, हे लपविण्यात अर्थ नाही. सकाळच्या फुलांची चित्रे, कोठूनशी आलेली आणि पारखून न पाहिलेली माहिती, रात्री अकरालाही येणाऱ्या सूचना यांनी शिक्षकाचे घरपण कुरतडले जाते. त्याहून गंभीर गोष्ट मुलांच्या छायाचित्रांची. चुकलेले गणित दाखविताना मुलाचे नाव व चेहराही सहज जगापुढे जातो. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीस पालकांची संमती आवश्यक मानली आहे. पण कायदा नसता तरी हा विवेक गुरूकडे असावयास हवा. आमच्या परिचयाच्या बाई वहीचे पान तेवढे पाठवितात, नाव झाकून. समूहात आलेले प्रत्येक उत्तर आधी स्वतः करून पाहतात आणि मगच वर्गात नेतात. रात्री नऊनंतर फोन पालथा.

आमच्या वाचकांत असे घर विरळा, की ज्यात कोणी शिक्षक नाही. १९५६ मध्ये भोपाळ राजधानी झाली, तेव्हा नागपूर, इंदूर, ग्वाल्हेर येथून आलेल्या कुटुंबांची मुले-नातवंडे आज येथील शाळांत शिकवीत आहेत. शिकवितात हिंदीतून वा इंग्रजीतून. वाचू शकतात मराठी. हे दोन भाषांचे भांडवल बहुधा स्वयंपाकघरापुरतेच वापरले जाते. महाराष्ट्रातील एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सुचलेली युक्ती भोपाळच्या हिंदी वर्गात आणणे, आणि येथील युक्ती तिकडे पोचविणे, हे काम आपल्याइतके सुलभतेने कोण करील? त्यासाठी मंडळाच्या सभागृहाची वाट पाहावयास नको.

त्या मुलाने परवा आणखी एक प्रश्न विचारला: भोपाळ तर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस, मग काठीची सावली एखाद्या दिवशी अगदीच नाहीशी होत असेल ना? होते, वर्षातून दोनदा, जून महिन्यात. पण त्यांतील पहिला दिवस येतो तेव्हा शाळेला बहुधा सुट्टी असते. यंदा त्या दिवसांत आपल्या गच्चीवर काठी रोवण्याचे बाईंनी कबूल केले आहे. नागपूर आणि रत्नागिरीच्या शिक्षकांनाही तसे कळविले आहे. मात्र त्यांचे दिवस निराळे, हेही लिहून.