मालक बदलला, यंत्राचं काय?

सप्टेंबर २००१मध्ये ह्यूलेट-पॅकार्डनं (एचपी) कॉम्पॅक ही प्रतिस्पर्धी कंपनी सुमारे २५ अब्ज डॉलर किमतीचे शेअर्स देऊन घेण्याचं जाहीर केलं. एचपीच्या सहसंस्थापकाचे पुत्र वॉल्टर ह्यूलेट यांनी कडाडून विरोध केला. मार्च २००२मध्ये भागधारकांनी निसटता होकार दिला. गाजलं ते हे भांडण. ग्राहकांना मात्र मत नव्हतं, नुसती धास्ती होती: आपली यंत्रं आणि त्यांवरचे प्रोग्रॅम पुढे चालतील का?

प्रत्येक प्रोसेसरचा सूचनासंच ठरलेला असतो. ‘अल्फा’ चिपसाठी तयार झालेला प्रोग्रॅम इंटेलच्या ‘इटॅनियम’वर जसाच्या तसा चालत नाही. मूळ सोर्सकोड नव्यानं कंपाइल करायचा, मग चाचण्या. (आणि तो कोड लिहिणारा बहुधा केव्हाच नोकरी सोडून गेलेला!) अल्फा बनवणारी डिजिटल कंपनी कॉम्पॅकनं १९९८मध्ये घेतली, जून २००१मध्ये अल्फाचा विकास आवरता घेत असल्याचं सांगितलं आणि वर्षभरात कॉम्पॅक स्वतःच विकली गेली. एचपीचे जुने निष्ठावंतही सुटले नाहीत. विलीनीकरण पूर्ण होण्याआधीच, नोव्हेंबर २००१मध्ये, १९७०च्या दशकापासूनची ‘एचपी ३०००’ ही संगणकांची मालिका बंद करण्याची घोषणा झाली.

काही ग्राहकांनी पुढे एम्युलेटरचा आधार घेतला: नव्या संगणकावर जुन्या यंत्राचं हुबेहूब सोंग वठवणारा प्रोग्रॅम.