मणक्यातली गादी आणि शल्यविशारदाची सुरी

माळ्यावरची जड पेटी उतरवताना कमरेत एकाएकी कळ येते आणि मांडीतून, पोटरीतून थेट पावलापर्यंत उतरते. घरची मंडळी म्हणतात, "उसण भरली!" शेक होतो, लेप होतो, कळ हटत नाही. मग डॉक्टर सांगतात, "गादी सरकली आहे." 'ऑपरेशन' हा शब्द कानी पडताच रोग्याच्या पोटात गोळा उठतो.

वास्तविक गादी सरकत नाही, फाटते. आपल्या कण्यात अशा 23 गाद्या आहेत. बाहेर चिवट तंतूंचे कडे, आत मऊ गर. कडे फाटले की गर बाहेर येऊन शेजारच्या मज्जातंतूला दाबतो. म्हणूनच बिघाड कमरेत आणि कळ पायात! कमरेच्या तळच्या दोन गाद्यांवर भार फार, म्हणून बहुधा त्याच दगा देतात.

हा गर दिसला, तरी पूर्वीचे शल्यविशारद त्याला गाठ समजत. बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोघा डॉक्टरांनी 1934 साली खरा प्रकार जगापुढे मांडला आणि या शस्त्रक्रियेचा मार्ग खुला झाला.

आज तिचे मुख्य प्रकार तीन. पहिला, मज्जातंतूवर दाब देणारा गराचा तुकडा तेवढा काढणे. 1977 पासून या कामी सूक्ष्मदर्शकाची मदत होऊ लागली आणि छेद इंचभरावर आला. दुसरा, गादी काढून दोन मणके हाडाच्या तुकड्याने व स्क्रूंनी सांधणे. कणा डळमळीत झाला असेल तर हा उपाय. पण तेवढ्या जागी लवचिकपणा जातो. तिसरा, कृत्रिम गादी बसवणे. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात 1984 साली अशी गादी बसवली गेली. ती घडवणाऱ्यांत कारिन ब्यूटनर-यान्झ या डॉक्टरीणबाई होत्या. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची दोन सुवर्णपदके जिंकणाऱ्या त्या याच! ही गादी मात्र प्रत्येकाला मानवत नाही.

पपईच्या चिकातले द्रव्य टोचून गर विरघळवण्याचा प्रयोगही 1960 नंतर गाजला. पण क्वचित होणाऱ्या गंभीर अपायांमुळे तो मागे पडला.

मग सुरीखाली जावे की थांबावे? नेदरलँड्समध्ये पायात तीव्र कळ असलेल्या 283 रोग्यांची पाहणी 2007 साली प्रसिद्ध झाली. काहींवर लवकर शस्त्रक्रिया झाली, बाकीच्यांना थांबवले. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची कळ लवकर गेली. पण वर्षअखेरीस दोन्ही गटांतले 95 टक्के लोक बरे होते. थांबलेल्यांपैकी 39 टक्के लोकांना मात्र पुढे शस्त्रक्रिया करून घ्यावीच लागली. बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीर स्वतःच जिरवून टाकते, हे थांबण्यामागचे इंगित.

एक अपवाद पक्का ध्यानी ठेवा. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचाच्या जागेभोवती बधिरपणा आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तिथे तासांचा हिशेब असतो. पाऊल लुळे पडू लागले तरीही विलंब नको.

शस्त्रक्रियेने पायाची कळ जितक्या खात्रीने जाते, तितक्या खात्रीने कंबरदुखी जात नाही. तेव्हा वाचकहो, होकार देण्यापूर्वी डॉक्टरांना एवढेच विचारा: "माझे कोणते दुखणे जाईल आणि कोणते राहील?" त्या उत्तरावर निर्णय घ्या, भीतीवर नव्हे.