वसतिगृहातील बाळदमा आणि तज्ज्ञांपर्यंतची वाट

स्मरणिकेत संस्थेच्या वाटचालीचे लेख असावेत, अशी प्रथा आहे. आम्ही यंदा दम्याविषयी लिहीत आहोत. वसतिगृहात दरवर्षी रात्री खोकणारी दोन-तीन मुले असतातच, आणि त्यांच्या बाबतीत आमच्याकडून जी चूक झाली, ती नोंदवून ठेवणे हाही संस्थेच्या इतिहासाचाच भाग आहे.

काही वर्षांपूर्वी सातवीतील एका मुलाला पहाटे तीनच्या सुमारास धाप लागली. आईवडिलांनी त्याला पंप दिलेला होता; परंतु सर्व औषधे कार्यालयात जमा करावीत या आमच्या नियमामुळे तो कपाटात, कुलपात होता. किल्ली सापडेपर्यंत पाव तास गेला. तोवर मुलाच्या बरगड्यांमधील कातडी श्वासागणिक आत ओढली जात होती आणि त्याला एक वाक्य सलग बोलता येत नव्हते. रुग्णालयात ऑक्सिजन आणि औषधाची वाफ मिळाल्यावर तो सावरला. त्याचे आईवडील ऊसतोडीला गेलेले होते. त्या रात्री पालक आम्हीच होतो.

दम्यात श्वासनलिकांचे आतील अस्तर सतत थोडेफार सुजलेले असते. धूळ, चुलीचा धूर, थंडी, परागकण किंवा साधी सर्दी यांनी ते चिडले की नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साचतो आणि श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो. सांगोल्याच्या कोरड्या वाऱ्यात धुळीला तोटा नाही. झटका ओसरला की मूल खेळू लागते आणि घरची माणसे निश्चिंत होतात. सूज मात्र आत तशीच राहते. म्हणूनच दर वेळी सुई टोचून झटका थांबवणे म्हणजे दम्याचा उपचार नव्हे.

आपल्याकडे मुळात हा शब्दच टाळला जातो. मुलगी असेल तर अधिकच. 'बाळदमा आहे, वयात आल्यावर जाईल', 'कफाची प्रकृती आहे', असे सांगितले जाते. काही मुलांचा त्रास वयानुसार कमी होतो हे खरे; पण तोवरची वर्षे बिनउपचार काढावीत असा त्याचा अर्थ नाही. जुन्या पिढीला छातीचा आजार म्हटला की क्षय आठवतो आणि मिरज आठवते. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी तेथे रुग्णालय उभारले. पुढे वानलेसवाडीला क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम झाले. क्षय संसर्गाने पसरतो, दमा पसरत नाही. तरीही दम्याच्या मुलाचे ताट आणि पांघरूण वेगळे ठेवणारी घरे आम्ही आपल्याच वस्तीत पाहिली आहेत.

हे पाहून आम्हांला बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मधील एक प्रसंग आठवतो. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त प्रसिद्ध झाले होते. ते बाबासाहेबांनी तेथे घेतले आहे. शिक्षकाची बाळंतीण पत्नी आजारी पडली. डॉक्टर आले, पण त्यांनी तिला स्पर्श केला नाही. तापमापक आधी एका मुस्लिम गृहस्थाच्या हाती, त्याच्याकडून शिक्षकाच्या हाती, मग पत्नीकडे, आणि त्याच क्रमाने परत. निदान न्यूमोनियाचे झाले. ती वाचली नाही. आज केसपेपर कोणाचाही निघतो. उरलेले अंतर किलोमीटरचे, बुडणाऱ्या मजुरीचे, आणि डॉक्टरांसमोर काय सांगावे हे ठाऊक नसण्याचे आहे.

या शेवटच्या अंतराची जाणीव आम्हांला त्या मुलाला सोलापूरला नेले तेव्हा झाली. तज्ज्ञांनी विचारले: महिन्यातून किती रात्री खोकल्याने जाग येते? धावल्यावर धाप लागते का? आराम देणारा पंप आठवड्यात किती वेळा लागतो? शाळा किती दिवस बुडाली? घरात कोणाला दमा वा त्वचेची ॲलर्जी आहे का? आम्हांला एकाही प्रश्नाचे नेमके उत्तर देता आले नाही. कवायतीत तो मागे राहतो म्हणून त्याला आळशी ठरवले होते, एवढेच आठवले. साधनांवाचून इतिहास लिहिता येत नाही, हे आम्ही वर्गात शिकवतो. डॉक्टरांपुढे मात्र साधनांवाचूनच उभे राहिलो. त्यानंतर आम्ही वही घातली. तारीख, रात्रीचा खोकला, पंपाचे फवारे, त्या दिवशीचे विशेष कारण, एवढेच तीत लिहितो. दुसऱ्या भेटीत तज्ज्ञांनी आधी ती वही मागितली.

तज्ज्ञांकडे केव्हा जावे? रात्रीची झोप वारंवार मोडत असेल, आराम देणारा पंप आठवड्यात दोनपेक्षा अधिक वेळा लागत असेल, झटक्यामुळे रुग्णालयात दाखल करावे लागले असेल, किंवा निदानाविषयीच शंका असेल, तर विलंब करू नये. सुरुवात सांगोल्याचे ग्रामीण रुग्णालय वा पंढरपूरचे उपजिल्हा रुग्णालय येथून करावी आणि तेथून संदर्भचिठ्ठी घ्यावी. पुढे सुमारे ऐंशी किलोमीटरवरील सोलापूरचे शासकीय रुग्णालय किंवा मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीस येते, त्याच्या यादीतही हा विकार आहे. साधारण सहा वर्षांवरील मुलांची फुंकर मारून स्पायरोमेट्री करता येते. त्याहून लहान मुलांच्या बाबतीत पालकांची माहिती हाच मोठा आधार. ओठ निळसर पडले, बोलणे तुटू लागले किंवा पंपाने आराम पडेना, तर मात्र तज्ज्ञांची वाट न पाहता १०८ ला फोन करून जवळचे रुग्णालय गाठावे.

पंपाची सवय लागते, हा समज सर्वांत हट्टी आहे. सालब्युटामॉलच्या २ मिलिग्रॅमच्या एका गोळीत जितके औषध असते, तितके १०० मायक्रोग्रॅमच्या पंपाच्या २० फवाऱ्यांत मिळून असते. शिवाय फवारा थेट फुप्फुसात जातो. हा झाला आराम देणारा पंप. सूज कमी करणारा दुसरा पंप स्टेरॉइडचा असतो. तज्ज्ञांनी तो रोज घेण्यास सांगितला असेल, तर बरे वाटू लागले म्हणून परस्पर बंद करू नये. त्यानंतर चूळ भरावी. त्याने उंचीच्या वाढीवर किंचित परिणाम होऊ शकतो, म्हणून तज्ज्ञ उंची मोजत राहतात आणि मात्रा कमीत कमी ठेवतात. मुलांनी पंप स्पेसर लावूनच घ्यावा. केपटाऊनच्या डॉ. हीदर झार आणि सहकाऱ्यांनी ५०० मिलिलिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीचा स्पेसर करून पाहिला; झटक्याच्या वेळी तो विकतच्या स्पेसरइतकाच उपयोगी ठरल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. हातावर पोट असणाऱ्या पालकांनी याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

मृग नक्षत्र लागले की हैदराबादला माशाचे औषध घेण्यासाठी जाणारी कुटुंबे असतात. त्याने दमा बरा होतो याला शास्त्रीय पुरावा नाही. त्या प्रवासखर्चात सोलापूरच्या खेपा होतील, हे आम्ही पालकांना सांगतो. काही ऐकतात, काही दोन्हीकडे जातात. आपल्याकडेही पाहावे लागले. वंदनेच्या वेळी बंद सभागृहात उदबत्त्यांचा धूर कोंडत असे आणि रात्री खोल्यांतून डासांच्या कॉइल जळत. आता वंदनेला फुले आणि एक मेणबत्ती असते, कॉइलऐवजी मच्छरदाण्या आहेत, आणि पांघरुणे दर पंधरवड्याला गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकली जातात.

जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी पालकांनी केसपेपरची छायाप्रत, दोन्ही पंप आणि स्पेसर सोबत आणावेत. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी मुकादमाचा फोन क्रमांकही लिहून द्यावा. आराम देणारा पंप मुलाच्या खिशातच राहील. दुसरा कार्यालयातील कपाटात असेल. त्या खणाला आता कुलूप नाही.