जालन्याची काळी मशीद

मोसंबी आणि बी-बियाण्यांच्या व्यापारामुळे जालन्याचे नाव सर्वतोमुखी झालेले असले, तरी कुंडलिकेच्या काठी वसलेल्या या जुन्या कसब्याचे वैभव ज्यास पाहावयाचे असेल, त्याने काळ्या मशिदीपासून आरंभ करावा. जमशेदखान या सुभेदाराने ती बांधविली आणि तिच्याबरोबर प्रशस्त सराईही उभारली. ही जोड इराणी शिरस्त्याला धरून आहे. त्यात प्रार्थनास्थळ एकाकी नसते; पांथस्थाचा निवारा आणि हातपाय धुण्याचे पाणी ही त्याच्याच सेवेची अंगे मानली जातात.

याच जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात, अन्व्याचे प्राचीन देवालय आहे. ते पाहून आलेल्यास बांधणीतला भेद चटकन ध्यानात येतो. पाषाण तोच, दख्खनचा काळा कातळ. परंतु देवालयात खांबांवर तुळया आडव्या टाकून छत तोलले आहे, तर मशिदीच्या कमानीत पाचरीसारखे घडविलेले चिरे परस्परांवर रेलतात, माथ्यावर टोकदार मिळतात आणि त्यांचा रेटा दोहों अंगांच्या जाड भिंती सोसतात. इराणातील कारागिरांनी हे तंत्र विटेत वाढविले व त्यावर निळ्या झिलईच्या फरशांचा साज चढविला. आमच्या पाथरवटांनी ते तंत्र त्या साजाविना कातळात उतरविले. हा संयमच मला अधिक भावतो.

परंतु जमशेदखानाची खरी थोरवी पाण्यात आहे. शहराच्या पश्चिमेस त्याने विस्तीर्ण तलाव बांधला, तेथून जमिनीखालून नळ आणून वस्तीतील हौदांत पाणी खेळविले, आणि त्यांतला सर्वांत मोठा हौद सराईच्या चौकात ठेवला; म्हणजे दूरच्या मुलखातून थकून आलेल्या व्यापाऱ्यास, त्याच्या बैलांस आणि शागीर्दांस उंबऱ्यातच पाणी मिळे. भूमिगत प्रवाहाची ही विद्या इराणच्या रुक्ष पठारावर कनातींच्या, म्हणजे भुयारी कालव्यांच्या, रूपाने सहस्रावधी वर्षे जोपासली गेली. मलिक अंबरच्या औरंगाबादेतील नहरीतही तिचाच अंश आहे. हौद, सराई, कमान हे शब्दही आपल्या बोलीत फारसीच्याच वाटेने आले.

पुढे निजामुल्मुल्क आसफजाहास जालन्याची हवा मानवली आणि त्याच्या हुकुमावरून काबिलखानाने १७२५ मध्ये शहराच्या पूर्वेस बालेकिल्ला बांधला. तेव्हाही ही पाण्याची व्यवस्था भरभराटीत होती. नंतर मात्र देखभाल सुटली आणि नळ बुजत गेले. जालन्यास जाणाऱ्या वाचकाने कमानी पाहून माघारी फिरू नये. पश्चिमेच्या त्या तलावाच्या बांधापर्यंत अवश्य जावे.