गाडी पळवायची नाही, अडू द्यायची नाही: पाइनवुड डर्बी आणि आसाची गोष्ट

नाट्याहून बोलतोय. या भागाचा विषय अमेरिकेतल्या मराठी घरांना चांगला ठाऊक असेल. मूल कब स्काउटमध्ये असलं की एक दिवस पाइनचा ठोकळा, चार खिळे आणि चार प्लॅस्टिकची चाकं घरी येतात. यातून गाडी करायची आणि उतारावरून सोडायची. ही पाइनवुड डर्बी. १९५३ मध्ये डॉन मर्फी यांनी कॅलिफोर्नियात सुरू केली.

गाडीला इंजिन नाही. वजनाची मर्यादा सहसा ५ औंस, म्हणजे साधारण १४२ ग्रॅम. उतार १.२ मीटर उंच धरला तर हातात ऊर्जा येते जेमतेम १.७ ज्यूल. सगळ्यांना जवळपास तेवढीच! मग जिंकतं कोण? जो वाटेत कमी सांडतो तो.

सांडते कुठे, तर आसापाशी. इथे आस म्हणजे तो खिळा. ट्रॅकच्या मधोमध एक उंच पट्टी असते, गाडी तिच्या दोन्ही बाजूंना चाकं टाकून धावते. आस तिरका बसला की गाडी एकदा या बाजूला आपटते, एकदा त्या. दर धडकेला वेग जातो. शिवाय चाक आत सरकून लाकडाला घासतं, ते वेगळंच.

तपासायचं कसं? आधी खिळ्याची खरखर बारीक पॉलिश पेपरने घालवा आणि ग्रॅफाइटची पूड लावा. मग मागची चाकं बघा. गाडी पुढे ढकला, मग मागे. दोन्ही वेळा चाक खिळ्याच्या डोक्याकडेच सरकायला हवं. पुढे जाताना बाहेर आणि मागे येताना आत जात असेल, तर आस तिरका आहे. खिळा किंचित वाकवलेला असेल तर तो थोडा थोडा फिरवून हे जुळवता येतं.

आता गंमत. मुरलेले खेळाडू गाडी अगदी सरळ ठेवतच नाहीत. पुढचं एक चाक जमिनीपासून जरा उचलतात आणि दुसरं असं लावतात की गाडी हलकेच पट्टीकडे वळेल. सपाट फळीवर सव्वा मीटरमागे साधारण अडीच सेंटीमीटर. पट्टीला हलकं टेकून जाणं हे दहादा आपटण्यापेक्षा स्वस्त पडतं. फक्त खिळा वाकवायला परवानगी आहे का, ते आपल्या गटाचे नियम वाचून बघा.

आणि आईबाबांनो, ही ढकलून बघायची चाचणी मुलालाच करू द्या. सात वर्षांच्या पोरालाही ती जमते. गाडी बाबांनी केली तर बक्षीस घरी येईल, पण चाक बाहेर का सरकतं हे पोराला कळणार नाही.

भेटू पुढच्या भागात!